मधलं माणूस

जुलैमध्ये मुलगी शिकायला पुण्याला गेली. ऑगस्टमधल्या एका रात्री मी तिला फोन केला आणि म्हणाले, "बाबांना सांग, उद्या सिलिंडर येणार आहे, पैसे काढून ठेवा." तिचे बाबा शेजारच्या खोलीत बसले होते. त्यांच्या टीव्हीवरच्या बातम्या मला इकडे ऐकू येत होत्या. फोनवर थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "आई, मी दोनशे किलोमीटरवर आहे गं."

ती चिडली नव्हती. आवाज थकलेला होता, आणि तो थकवा त्या रात्रीचा नव्हता. बोलायला लागल्यापासून ती आमचे निरोप पोचवत आली होती. "बाबांना सांग, ताट वाढलंय." "आईला विचार, गाडीची किल्ली कुठंय." आधी आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं, बोबडा निरोप ऐकून दोघंही हसायचो. पुढे हसू गेलं आणि निरोप तेवढे राहिले. आमच्या घरात कधी आवाज चढला नाही, कोणी हात उगारला नाही, दारू नाही, उधळपट्टी नाही. नातेवाईक आमचं घर शांत म्हणून नावाजतात. त्या शांततेचा भार एक पोरगी वाहत होती आणि ती हॉस्टेलवर गेल्यावर घरात बोलायलाच कोणी उरलं नाही.

पूर्वी अशा वेळी सिन्नरहून आत्याबाई यायच्या. ह्यांची आत्या. दोन दिवस राहायच्या. मला स्वयंपाकघरात घेऊन ऐकायच्या, ह्यांना गच्चीवर घेऊन ऐकायच्या, आणि जाताना म्हणायच्या, "भांड्याला भांडं लागणारच. तू जरा नमतं घे." त्यांच्या मायेबद्दल मला आजही शंका नाही. पण दर वेळी माझं म्हणणं त्यांच्या तोंडून ह्यांच्याकडे जायचं आणि ह्यांचं त्यांच्याच तोंडून माझ्याकडे यायचं. निवाडा होऊन जायचा, आमचं एकमेकांशी बोलणं राहूनच जायचं. आत्याबाई गेल्या त्याला आता सहा वर्षं झाली.

त्यानंतर राहतं ते कोर्ट, अशीच आपल्याकडची समजूत. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने खटल्याआधी समेटाचा प्रयत्न करणं न्यायालयाचं कर्तव्य ठरवलं, विवाह समुपदेशकांची सोय केली, आणि वकिलाला तिथे हक्काने उभं राहता येणार नाही असंही म्हटलं. हे शेवटचं मला फार शहाणपणाचं वाटतं. दोघांना आपलं आपण बोलू द्यावं, असा त्यामागचा विचार असावा. पण कोर्टाच्या पायरीपर्यंत पोचेस्तोवर बहुतेकांच्या मनात दार लागलेलं असतं. घर आणि कोर्ट यांच्यामध्ये जायला एखादी जागा असते, हेच मला माहीत नव्हतं.

ती जागा मला ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सांगितली. नाशकात गंगापूर रोडला, पहिल्या मजल्यावर, जोडप्यांचं समुपदेशन करणाऱ्या एका बाईंकडे. जाण्याआधी मी फोनवर त्या बाईंचं शिक्षण विचारलं. जोडप्यांसोबत काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, तेही विचारलं. विचारताना संकोच वाटला, पण विचारायलाच हवं. चिकित्सा मानसतज्ज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नुसता विवाह समुपदेशकाचा बोर्ड लावायला मात्र आपल्याकडे वेगळा परवाना नाही. कॅलिफोर्नियात असा परवाना १९६३ पासून आहे. इथे आपली चौकशी आपणच करायची.

हे तयार झाले ते मुलीसाठी. "आपल्यात एवढं काय झालंय?" असं विचारलं, आणि तेही मुलीलाच फोन करून विचारलं. ती त्यांना म्हणाली, "बाबा, हे तुम्ही आईला विचारा." त्या दिवसापासून तिने निरोप घेणं बंद केलं. माझ्या मते आमचा उपचार तिथेच सुरू झाला.

मॅडमनी पहिल्यांदा आम्हाला वेगवेगळं बोलावलं. मला त्यांनी सरळ विचारलं, "घरात कोणाची भीती वाटते का? कधी हात उचललाय?" मी नाही म्हणाले. त्यांनी हे का विचारलं ते पुढे कळलं. जिथे मारहाण असते, धाक असतो, तिथे दोघांना शेजारी बसवून बोलतं करणं बाईच्या जिवावर बेतू शकतं. तिथे आधी तिची सुरक्षितता बघायची, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची वाट दाखवायची, समेटाचं नावही काढायचं नाही. हा प्रश्न न विचारता जोडप्याला समोर बसवणारा कोणी भेटला, तर मी तिथून उठून येईन.

मग त्यांनी एक नियम सांगितला. एकट्याने फोन करून मला काही सांगितलंत, तर ते मी दुसऱ्यापासून लपवून ठेवणार नाही. खरं सांगते, मला हे लागलं. मी त्यांना हळूच फोन करून माझी बाजू नीट सांगणार होते, आत्याबाईंना सांगायचे तशीच.

दुसऱ्या भेटीत त्यांनी मोठा कोरा कागद टेबलावर पसरला आणि आमचं घर काढलं. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी गोल. गेलेल्या माणसांवर फुली. माझे वडील म्हणजे दादा, ह्यांचे वडील, आत्याबाई, तीन फुल्या. जिथे ओढाताण तिथे नागमोडी रेघ, जिथे दुरावा तिथे तुटक. आमच्या दोघांमध्ये त्यांनी रेघ काढलीच नाही, पेन्सिल ह्यांच्या हातात दिली. हे बराच वेळ पेन्सिल धरून बसले. बोटाच्या पेराला कारखान्यातल्या काळ्या तेलाचा डाग होता. मग त्यांनी चौकोनापासून खाली मुलीच्या गोलापर्यंत रेघ ओढली आणि तिथून वर माझ्यापर्यंत आणली. आमच्या दोघांच्या मधली जागा रिकामी राहिली. त्रिकोणाची एक बाजूच नव्हती.

हा त्रिकोण मरे बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने मांडला. दोन माणसांमधला ताण सोसेनासा झाला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात आणि तेवढ्यापुरतं दोघांना बरं वाटतं. १९५० च्या दशकात काही वर्षं त्याने अख्खी कुटुंबं इस्पितळात राहायला आणून हे पाहिलं. त्याच दशकात आपल्याकडे अमृतसरला डॉ. विद्यासागर मनोरुग्णांच्या घरच्यांना इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकून देत होते, रुग्णासोबत राहा म्हणून. घर हे परक्यांपासून झाकायचं प्रकरण आहे असं ऐकत वाढलेल्या मला या दुसऱ्या गोष्टीने फार धीर दिला. आपल्याच मातीत कोणीतरी सगळ्या घराला आत बोलावलं होतं.

आमच्या नाशकात तर या त्रिकोणाचं देऊळच आहे. पंचवटीत तिघं राहायची. सीतागुंफेत वाकून उतरणारे यात्रेकरू लक्ष्मणरेषेची चौकशी करतात. ती रेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही. तिथे आहेत ते सीतेने लक्ष्मणाला बोललेले कठोर शब्द. हाक रामाच्या आवाजात आली, काळजी रामाची होती, आणि ती सगळी जाऊन पडली मध्ये उभ्या असलेल्या लक्ष्मणावर. लहानपणी मला तिचा राग यायचा. आता आठवतं, ह्यांच्यावरचं किती काय मी मुलीच्या अंगावर ओतलंय. अभ्यासावरून, केसांवरून, मोबाइलवरून.

तिसऱ्या भेटीत मी तोंड उघडलं. नऊ वर्षांपूर्वी माझे दादा गेले. येवल्याहून आम्ही दहाव्याला रामकुंडावर आलो होतो. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. कोणी म्हणालं, मुलीत जीव अडकला असेल, नवरा-बायको दोघांनी हात जोडून सांगा, आम्ही सुखात आहोत म्हणून. मी मागे वळून पाहिलं. हे निघून गेले होते. दुपारची पाळी होती. मी एकटीने हात जोडले आणि ते वाक्य म्हणाले, आणि ते खोटं आहे असं मला तिथे पाण्यात उभं असताना वाटलं.

हे मी मॅडमना सांगायला लागले, "हे त्या दिवशी निघून गेले..." त्यांनी हात वर केला. "मला नका सांगू. त्यांना सांगा."

एवढंच. पण 'हे' म्हणायचं सोडून 'तुम्ही' म्हणायला माझी मान वळेना. बावीस वर्षांत मी ह्यांच्याकडे बघून 'तुम्ही' असं किती वेळा म्हणाले असेन? तेव्हा मला त्या बाईंचं काम कळलं. त्याही मध्येच बसल्या होत्या, पण निरोप न्यायला नाही आणि निवाडा द्यायलाही नाही. मी वळले. "तुम्ही त्या दिवशी निघून गेलात."

ह्यांनी मान खाली घातली. "आठवतंय," म्हणाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "थांबा असं कोणी म्हणालं नाही."

"मी म्हणायला हवं होतं?"

त्याला त्यांनी उत्तर दिलं नाही. मलाही मिळालेलं नाही. वेळ संपली आणि आम्ही जिना उतरलो.

घरी करायला म्हणून मॅडमनी एक काम दिलंय. रोज दहा मिनिटं समोरासमोर बसायचं, मुलीचा विषय काढायचा नाही. बुधवारी बसलो. पहिली सात-आठ मिनिटं पाण्याच्या मोटरवर गेली, तिचा आवाज बदललाय, बेअरिंग गेलं असेल. मग हे म्हणाले, "दादा मला येवल्याच्या स्टँडवर सोडायला यायचे. बस सुटेपर्यंत थांबायचे. दर वेळी." मला हे माहीतच नव्हतं. मी विचारलं, "काय बोलायचात तुम्ही दोघं?" ते सांगत राहिले. वरची टाकी भरून पाणी खाली धो धो पडायला लागलं, तेव्हा मोटर बंद करायला दोघंही उठलो.