गाडीची पाटी

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. आमच्या अवसरी बुद्रुकच्या आयाबाया मंचरहून पुण्याला एकट्या जाऊ लागल्या. मला याचं फार कौतुक. पण २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे स्वारगेट स्थानकात, फलटणला निघालेल्या तरुणीवर उभ्या शिवशाहीत अत्याचार झाला. तेव्हापासून घरोघरी मुलींनाच सूचना, एकटी जाऊ नकोस! अंधारात रिकामी गाडी उघडी राहते, हा काय तिचा दोष? स्थानकात उजेड हवा, पहारा हवा, उभ्या गाडीला कुलूप हवं.

चौथीच्या वर्गात मी गाडीची पाटी वाचायला घेते. गाडी कुठली, गणवेशातला वाहक कोण, ११२ ला फोन कधी करायचा. मुलगेही वाचतात. त्यांना जास्तीचा प्रश्न असतो : महिलांच्या राखीव सीटवर तू बसलायस आणि शेजारी एक ताई उभी आहे, काय करशील? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. घरी विचारून बघा.