न जोडणारे सांधे

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या शाळेचे एक पत्र आले. माजी विद्यार्थ्यांना शाळेकडून येणारी पत्रे बहुधा देणगीसाठी असतात, हे अनुभवाने ठाऊक असल्यामुळे पाकीट फोडण्यापूर्वीच मी मनाशी एक बेताचा आकडा ठरवून ठेवला होता. पण पत्रात पैशाची गोष्टच नव्हती. तंत्रविभागाची कार्यशाळा गेली काही वर्षे विद्यार्थ्यांवाचून बंद आहे. ती रिकामी करून तेथे संगणक मांडावयाचे ठरले आहे. भिंतीवरील फलकाचे काय करावे याविषयी, ज्यांचे काम त्या फलकावर आहे अशांचे मत हवे आहे, एवढाच मजकूर. फलकावर ज्यांचे काम आहे त्यांपैकी मी एक. पत्र मी दोनदा वाचले आणि पुस्तकाखाली ठेवून दिले. उत्तर लिहावयाला मला तीन आठवडे लागले.

तो फलक काय होता हे सांगितले पाहिजे. आमची शाळा मुलांची, जिल्ह्याच्या गावची. तिच्या कार्यशाळेत सुतारकामाच्या बाकांमागे एक लांब सागवानी फळी भिंतीला ठोकलेली होती. दर वर्षी दहावीच्या मुलांनी केलेल्या लाकडी सांध्यांपैकी जो उत्कृष्ट ठरे, तो तीवर बसवावयाचा आणि खाली पांढऱ्या रंगाने साल लिहावयाचे, अशी चाल होती. पहिला सांधा १९६१ सालचा, काळा पडलेला. नव्या मुलाला पहिल्या दिवशी त्या फलकासमोर उभे करीत. दुसऱ्या दिवशी वरच्या वर्गातली मुले त्याला लोहारशाळेत 'ऐरणीची किल्ली' आणावयाला पाठवीत, आणि तो ती शोधीत तासभर हिंडे. हीही चालच होती, व ती पहिलीपेक्षा अधिक निष्ठेने पाळली जाई. खंडेनवमीला रंधे, करवती, पटाश्या, कानशी, सारी हत्यारे धुऊनपुसून बाकावर मांडीत, झेंडूची फुले वाहत, आणि त्या दिवशी कोणत्याही हत्याराला धार लावावयाची नसे.

१९८३ साली मी आठवीत गेलो तेव्हा 'संस्कृत की टेक्निकल' हा प्रश्न आमच्या घरी आठवडाभर चालला होता. वडील कारकून, त्यांच्या डोळ्यांपुढे इंजिनियरिंगचा डिप्लोमा होता. आजोबांना मुलाच्या हाती करवत येणार याचे दुःख झाले, आणि ते त्यांनी संस्कृताच्या कैवाराच्या रूपाने प्रकट केले. शेवटी वडिलांचे चालले. पुढे मी इंग्रजी वाङ्मयाचा प्राध्यापक झालो, म्हणजे त्या वादात दोघेही हरले असे म्हणावयास हरकत नाही.

कार्यशाळेत आम्हांला शिकवीत ते मिस्त्री. सरकारी कागदावर त्यांचा हुद्दा 'निदेशक' असा होता, परंतु शाळेत त्यांना सारेच मिस्त्री म्हणत. मुले म्हणत, शिपाई म्हणत, मुख्याध्यापकही म्हणत. गणिताचे ते 'सर', चित्रकलेचे तेही 'सर', आणि हे मात्र मिस्त्री. शिक्षकांच्या खोलीत त्यांची खुर्ची नव्हती. मधल्या सुट्टीत ते आपला डबा कार्यशाळेतच, भुशाच्या वासात, उघडीत. यात काही विपरीत आहे असे मला तीन वर्षांत एकदाही वाटले नाही. आमच्या पुस्तकात मापे मिलिमीटरमध्ये असत आणि मिस्त्रींच्या तोंडी सूत. इंचाचे आठ सूत. "पोरांनो, अर्धा सूत सोडा," असे ते म्हणत आणि आम्ही वहीत त्याचे दशांश चिन्हांत रूपांतर करीत बसू. तोवर त्यांची करवत लाकडातून निघालेली असे.

सांधा पाहण्याची त्यांची एकच रीत होती. तो हातात घेऊन ते खिडकीशी जात, डोळ्यासमोर धरीत आणि विचारीत, "उजेड दिसतो का?" दोन लाकडांच्या मधून उजेडाची रेघ दिसली की सांधा परत. गुण्या लावून काटकोन पाहणे वगैरे नंतरचे.

तीन वर्षांत आम्ही असे कितीतरी सांधे केले. अर्ध्याला अर्धे लाकूड बसवावयाचे, कुसू तासून खाचेत घालावयाचा, विंधण्याने भोक पाडावयाचे. पण त्यांतल्या एकाही सांध्याने कधी काही जोडले नाही. वीत-वीतभर लाकडाचे दोन तुकडे, मध्ये सांधा, आणि पुढे काही नाही. मी एकदा विचारलेही, "मिस्त्री, आपण एखादे स्टूल का करीत नाही?" ते म्हणाले, "ते अभ्यासक्रमात नाही." पुढे थोडे थांबून म्हणाले, "आणि स्टूल केले तर लाकूड फार लागेल."

या प्रश्नाचे खरे उत्तर मला मिळाले ते वीस वर्षांनी, रस्किनवर काही टिपणे काढीत असता, ग्रंथालयात हाती आलेल्या एका जुन्या पुस्तकात. कॅल्व्हिन वुडवर्ड हा अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक होता. यंत्रशास्त्रातील तत्त्वे स्पष्ट करण्यासाठी त्याने आपल्या विद्यार्थ्यांना लाकडी नमुने करावयाला सांगितले, तो त्या बुद्धिमान तरुणांना साधी हत्यारेही धरता येईनात. या शोधाने तो अस्वस्थ झाला. १८७९ साली त्याने मुलांसाठी एक तंत्रशाळा स्थापिली. ती १८८० मध्ये सुरू झाली. चौदा वर्षांवरील मुले, तीन वर्षांचा क्रम, गणित, विज्ञान, भाषा, रेखन, आणि त्यांच्या जोडीला रोज दोन तास कार्यशाळा. या शाळेवर वुडवर्डने १८८७ साली लिहिलेले पुस्तक माझ्या हाती होते, आणि त्यातील सांध्यांची चित्रे पाहून मी थक्क झालो. मिस्त्रींचे बाक, मिस्त्रींचे सांधे, तोच क्रम!

हा क्रम वुडवर्डचाही नव्हे. तो मॉस्कोचा. तेथील शाही तांत्रिक विद्यालयाचा संचालक व्हिक्टर डेला-व्हॉस याने १८६८ साली असे ठरविले की, उमेदवाराने कारागिराजवळ वर्षानुवर्षे राहून, वस्तू करीत करीत जे शिकावयाचे, ते निराळे काढून क्रमाने शिकविता येईल. भाषा शिकविताना आपण आधी वर्णमाला शिकवितो, मग शब्द; तसे सुतारकामाचेही वर्ण पाडावयाचे. कापणे, रंधणे, खाच पाडणे, सांधणे, सोप्याकडून अवघडाकडे. वस्तू नको, विक्री नको. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात या विद्यालयाचे नमुने मांडले होते. ते मॅसॅच्युसेट्सच्या तांत्रिक संस्थेचा अध्यक्ष जॉन रंकल याने पाहिले आणि त्याला आपल्या अडचणीचे उत्तर सापडल्यासारखे झाले; त्याच्या मागून वुडवर्डने ती पद्धत उचलली. अमेरिकेतून, इंग्लंडातून हे वारे हिंडत हिंडत कोठे कोठे गेले, आणि शेवटी आमच्या जिल्ह्याच्या गावी, पत्र्याच्या छपराखाली, लाकूड फार लागेल म्हणून स्थिरावले.

याला विरोध झाला नाही असे नाही. स्वीडनमध्ये नेस येथे ऑटो सालोमन याने 'स्लॉइड' नावाने जे हस्तशिक्षण चालविले, त्यात मुलाने पहिल्यापासून चमचा, कागद कापावयाची सुरी अशी घरी नेण्यासारखी वस्तूच करावयाची. आपल्याकडे १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास गांधीजींनी मांडलेली योजना तर त्याहून पुढे गेली: मुलांच्या हातच्या वस्तूंतून शाळेचा खर्च निघावा. त्याच वर्षी अ‍ॅबट आणि वुड या दोघा इंग्रज तज्ज्ञांचा, हिंदुस्थानातील धंदेशिक्षणावरील अहवाल प्रसिद्ध झाला. एकाच वर्षी देशापुढे दोन वाटा आल्या. मुंबईला व्हिक्टोरिया जुबिली तांत्रिक संस्था १८८७ पासून होती. बडोद्यास सयाजीरावांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली कलाभवन काढले, ज्यात दादासाहेब फाळके काही काळ शिकले. या कलाभवनाचा मला विशेष आदर वाटतो, तो गज्जरांनी शिल्पाचे शिक्षण देशी भाषांतून देण्याचा जो आग्रह धरला त्यासाठी. सूत म्हणणाऱ्या मिस्त्रींची त्यांना लाज वाटली नसती.

वस्तू की सराव, या वादात मी बराच काळ मॉस्कोच्या बाजूचा होतो. न जोडणाऱ्या सांध्यात मला एक प्रकारची शुचिता दिसे. टेबलाला लोक रंग पाहतात, किंमत विचारतात. सांध्याला विचारावयाचा प्रश्न एकच, उजेड दिसतो का. काव्याच्या अभ्यासात मी विद्यार्थ्यांना हेच सांगत आलो. पण त्या पत्राने मला ज्या सांध्यापाशी नेऊन उभे केले, तेथे हे मत टिकेना.

१९८६ साली आमच्या वर्गात एक मुलगा होता. तो सुताराचा. त्याचे काम आमच्याहून किती चांगले होते हे सांगण्यात अर्थ नाही. आम्ही त्याच्याशी आपली तुलनाच करीत नव्हतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्या सांध्यात उजेड दिसत होता. नवा करावयाला वेळ नव्हता. याच मुलाने मला पूर्वी एकदा दाखविले होते की, बारीक भुसा सरसात कालवून फटीत दाबला आणि वाळल्यावर हलका कानशीने घासला, तर फट दिसत नाही. "पण हे गिऱ्हाइकाच्या कामात करायचे नाही," असेही तो म्हणाला होता. मी ते केले. निवडीच्या वेळी बाकावर दोन सांधे उरले, त्याचा आणि माझा. मुख्याध्यापक आले होते. त्याचा सांधा हाती घेऊन ते म्हणाले, "हा तर सुताराचाच मुलगा. याला यात काय विशेष?" आणि माझा उचलला. मिस्त्रींनी तो खिडकीशी नेला. त्यांनी बोटाचे नख सांध्यावरून फिरविले. माझ्याकडे पाहिले. मग काही न बोलता खिळे काढले.

त्या क्षणी मला वाटली ती भीती. लाज फार उशिरा वाटली. आणि मुख्याध्यापकांच्या वाक्यात काय होते हे तर आणखी उशिरा ध्यानात आले. आमच्या त्या शाळेने श्रमाचा गौरव करण्याचे व्रत घेतले होते; वार्षिक समारंभात त्यावर दर साली एक भाषण होई. पण गौरव व्हावयाचा तो कारकुनाच्या मुलाने करवत धरली याचा. सुताराच्या मुलाने ती धरली तर तो त्याचा जन्मच, त्याला गुण कसले? वुडवर्डने म्हटले होते की आपली शाळा कारागीर घडविण्यासाठी नाही, सर्वच मुलांचे हात जागे करण्यासाठी आहे. विचार उदारच होता. आमच्या गावी येईतो त्याचा अर्थ असा झाला की, जो खरोखरीच कारागीर होता त्याला तेथे जागा उरली नाही. सांधा काहीच जोडणार नव्हता, म्हणूनच त्यात भुसा भरून भागले.

फलकासाठी म्हणून मी स्वतः गावी गेलो. मिस्त्री वारून बरीच वर्षे झाली. तो मित्र मात्र गावातच आहे. त्याचे लाकूडकामाचे मोठे दुकान आहे, हाताखाली माणसे आहेत. मी त्याला सारे सांगितले. तो हसला. "मला त्याच दिवशी ठाऊक होते," तो म्हणाला, "सरसाचा वास येत होता की! पण अरे, तुझ्या त्या सांध्यावर कोण बसणार होते?" मग त्याने चहा मागविला, आणि माझ्या मुलीच्या लग्नाचे विचारू लागला. त्याच्या सांध्याचे काय झाले असे विचारले तेव्हा म्हणाला, "तो तेव्हाच घरी नेला. देवघराच्या चौकटीला लावला आईने."

दुसऱ्या दिवशी कार्यशाळा उघडून घेतली. शाळेच्या सध्याच्या मुख्याध्यापिका बरोबर होत्या. माझे मत त्यांनी विचारले, तेव्हा फलक ठेवावा, निदान वाचनालयाच्या भिंतीवर लावावा, आणि १९८६ खाली असलेला सांधा तेवढा मला द्यावा, असे मी म्हणालो. कारणही सांगितले. त्यांनी शिपायाला पक्कड आणावयाला सांगितली. सांधा हाती आल्यावर मी तेथल्याच बादलीतल्या पाण्यात तो बराच वेळ बुडवून ठेविला, कारण सरस पाण्याने सुटतो. मग टाचणीने कोरले. ओला भुसा भराभर निघाला.

खिडकीशी जाऊन मी तो डोळ्यासमोर धरला. उजेड दिसला. एक सूत नसेल. पण अर्ध्या सुताहून कमी खास नव्हता.