पिन काढ, पिन घाल

पुण्यात गाण्याचे क्लास गल्लोगल्ली आणि आयटीवालेही गल्लोगल्ली. 25 मार्च 2020 ला देश बंद झाला आणि ही दोन्ही मंडळी एकाच घरात, बऱ्याचदा एकाच संगणकापुढे येऊन बसली. आमच्याकडे तर दोन्ही व्यवसाय होतेच. सकाळी माझे हापिसातले कॉल, संध्याकाळी आईचा क्लास.

विषय तसा क्षुल्लक वाटेल. आवाज हेडसेटमध्ये पाठवायचा की स्पीकरवर, एवढंच ना? कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर टिचकी मारा, यादीतून निवडा, झालं. (विंडोज 11 मध्ये तर विंडोज, कंट्रोल आणि व्ही ही तीन बटणं एकदम दाबली की यादीच समोर येते.) मीटिंगवाल्या माणसाला तेवढं पुरतं. गाणाऱ्या बाईला पुरत नाही. कारण आपण बदलतो ती फक्त आवाजाची वाट, पण तिच्यासोबत संगणक न विचारता आणखी चार गोष्टी बदलतो.

पूर्वीची गोष्ट वेगळी होती. जुन्या ट्रान्झिस्टरच्या जॅकमध्ये एक स्प्रिंगची पट्टी असायची. पिन आत गेली की पट्टी उचलली जायची, स्पीकरची जोडणी तुटायची. पिन काढली की पट्टी परत खाली, स्पीकर चालू. त्यात कुणाचं मत विचारायचा प्रश्नच नव्हता! संगणकावर मात्र 2004 च्या इंटेलच्या हाय डेफिनिशन ऑडिओनंतर पिन घातल्याची नुसती 'बातमी' सॉफ्टवेअरला जाते, आणि पुढे काय करायचं ते तेच ठरवतं. 2009 च्या विंडोज 7 मध्ये डिफॉल्ट उपकरणं दोन झाली, एक गाणीबिणी ऐकायला आणि एक बोलायला. शिवाय बोलणं सुरू झालं की बाकीचे आवाज 80 टक्के कमी करायची सोयही आली. बोलणं महत्त्वाचं, बाकी सगळं मागे, हे त्यात गृहीतच धरलेलं आहे.

तर, आईचा क्लास. तीस वर्षांचा. बाबा गेल्यापासून तिचा दिवस त्या संध्याकाळच्या दोन तासांभोवतीच फिरतो. व्हिडिओ कॉलवर शिकवायला ती उत्साहाने बसली. बहिणीने अमेरिकेहून चांगला ब्लूटूथ हेडसेट पाठवला होता. त्यावर भजनं ऐकून आई खूश होती. क्लास सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला म्हणाली, "अरे, ही मुलगी नळीतून गातेय."

ती अगदी बरोबर बोलत होती. ब्लूटूथ नुसतं ऐकायला वापरलं तर चांगला स्टिरिओ आवाज देतं. पण त्याच हेडसेटचा माईक उघडला की ते टेलिफोनच्या वाटेला लागतं. सेकंदाला 8 हजार किंवा फार तर 16 हजार नमुने. म्हणजे 4 किंवा 8 किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गेलं. (विंडोज 10 मध्ये एकाच हेडसेटची दोन नावं दिसायची ती यामुळेच. 11 मध्ये एकच दिसतं, पण आतला मामला तोच.) 2020 च्या जानेवारीत एलई ऑडिओ जाहीर झालं, त्यात हे दुखणं बरंच कमी आहे. पण त्यासाठी हेडसेट आणि संगणक, दोन्हीत ते असावं लागतं.

मग वायरचे स्पीकर. आता आईला मुलीचा आवाज छान यायला लागला, पण तिकडून प्रश्न आला, "ताई, तानपुरा बंद आहे का?" तानपुरा चालू होता! मिरजेचा, आईच्या लग्नाआधीचा. (मिरजेच्या तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आईने शेजारी पेढे वाटले.) तानपुऱ्याची सगळी जादू जवारीत. घोडी आणि तार यांच्यामध्ये तो दोरा सरकवून सरकवून तारेतून झंकार काढायचा. आता कॉलचं सॉफ्टवेअर काय करतं? एकसारखा, न थांबणारा आवाज म्हणजे पंखा, असं समजून तो पुसून टाकतं. तानपुऱ्याचं तर कामच एकसारखं, न थांबता वाजणं. वर स्पीकर चालू असला की प्रतिध्वनी मारण्यासाठी माईकमधून आणखी काटछाट होते. आईची तान मध्येच गिळली जायची.

दोन्ही कान झाकणारा वायरचा हेडफोन लावला तर तिला स्वतःचा आवाज नीट येईना. ती ओरडून गायला लागली, घसा बसला. मे महिन्यात एके दिवशी चहा पिता पिता म्हणाली, "जूनपासून क्लास बंद म्हणून सांगते सगळ्यांना. बेसूर शिकवण्यापेक्षा न शिकवलेलं बरं."

एखादी स्क्रिप्ट लिहून एका बटणावर सगळं बदलता आलं असतं. पण गाता गाता बाई कीबोर्डकडे बघणार का? त्यापेक्षा दुकानं उघडल्यावर तपकीर गल्लीत गेलो आणि पुढच्या बाजूला आवाजाची खुंटी नि हेडफोनचं भोक असलेले साधे स्पीकर आणले. गंमत अशी, की पिन या स्पीकरमध्ये घातली तर संगणकाला त्याचा पत्ताच लागत नाही. त्याच्या लेखी आवाज स्पीकरकडेच चालला आहे, त्यामुळे तो काही बदलायला जात नाही. माईक वेगळा घेतला, बंद करायचं बटण त्याच्या अंगावरच असलेला. आणि झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करून गोंगाट नि प्रतिध्वनी काढायची कामगिरी बंद करून टाकली.

आता आई गाऊन दाखवते तेव्हा पिन घातलेली, हेडफोन एका कानावर, दुसरा कान तानपुऱ्याला मोकळा. मुलगी गाते तेव्हा माईकचं बटण दाबायचं आणि पिन काढायची, की मुलीचा आवाज खोलीभर. दोन दिवसांत हात बसला. तानपुऱ्याची खुंटी पिरगाळणाऱ्या बाईला पिनेचं काय कौतुक!

दोघींनी एकत्र गाणं मात्र जमत नाही, ते कुठल्याच उपकरणाने जमणार नाही. सूर-ताल जुळायला 25-30 मिलिसेकंदांच्या आत आवाज पोचावा लागतो आणि पुणे ते कॅलिफोर्नियाला तेवढ्यात काहीच पोचत नाही. त्यामुळे "आधी मी, मग तू" अशी पद्धत पडली आहे.

क्लास अजून चालू आहे. तो ब्लूटूथ हेडसेट भजनांसाठी ठेवलाय. आणि हल्ली तिकडच्या मुलीने पहिला सा लावला रे लावला, की आई हात वर करून तिला थांबवते. "कानातली ती पांढरी बोंडं काढ आधी. हं, आता लाव सा."