कडू फुलांचे मळे

लंडनहून आगगाडीने तासाभराच्या वाटेवर केंट परगणा लागतो. इंग्रज त्याला ‘इंग्लंडची बाग’ म्हणतात. सफरचंद, चेरी, नासपती, काय हवे ते तिथे पिकते. पण ऑगस्टच्या अखेरीस मी पॅडक वुडच्या स्टेशनात उतरलो तो फळांसाठी नव्हे, एका वेलीसाठी. तिचे नाव हॉप. बीअरचा कडवटपणा म्हणतात तो हिचाच. दारूबंदीच्या संस्कारात वाढलेल्या मंडळींनी मात्र एवढ्यावरून पान उलटू नये. मीही तिथे चहाच प्यायलो.

पानमळा पाहिलेल्याला हॉपचा मळा परका वाटत नाही. उंच खांब, त्यांवर ताणलेल्या तारा, तारांपासून जमिनीपर्यंत सोडलेल्या दोऱ्या आणि त्यांवर चढलेली गर्द हिरवी वेल. दोन ओळींमधून चालताना वरचे आभाळ चिंचोळे होते. या दोऱ्या काथ्याच्या असतात. नारळ जिथे जन्मात पिकायचा नाही त्या मुलुखात काथ्या पाहून जरा घरच्यासारखे वाटले! पूर्वी त्या बांधायला गडी पायांना उंच काठ्या जोडून मळ्यातून चालत.

हिवाळ्यात वेल वाळून जाते, जमिनीतला गड्डा तेवढा जिवंत राहतो. वसंतात त्याला कोंब फुटतात आणि मग ऐन भरात वेल दिवसाला वीतभर वाढते. तिला ताणे नसतात. अंगावरच्या आकडेदार केसांनी ती दोरी धरते आणि देवळातल्या प्रदक्षिणेच्या दिशेने वर चढत जाते. बहुतेक वेली नेमक्या उलट्या फिरतात. हिचे कूळ भांगेचे. नर वेल वेगळी, मादी वेगळी, आणि पीक म्हणजे मादीची फुले, कागदी पाकळ्यांच्या हिरवट बोंडांसारखी. एक बोंड उकलून पाहिले. आत पिवळी धूळ होती. जिभेवर ठेवली आणि लहानपणीचा काडेचिराइताचा काढा आठवला.

या धुळीतच सारी करामत आहे. तिच्यामुळे पेय कडू होते आणि नासतही नाही. अठराव्या शतकात हिंदुस्थानात बीअर पाठवताना जादा हॉप घालीत, कारण जहाजांना आफ्रिकेला वळसा घालून महिनोन् महिने उष्ण समुद्रातून यावे लागे. वेलीचे कोवळे कोंब भाजी म्हणून खातात, बेल्जममध्ये तर मोठ्या कौतुकाने. हे कोंब बिहारात पिकतात आणि लाख रुपये किलोने विकले जातात, अशी बातमी २०२१ साली आपल्याकडे फिरली होती. बातमीदार पाहायला गेले तेव्हा तसे शेतच सापडले नाही. झोप येत नसेल तर सुकी बोंडे भरलेली उशी घेण्याचीही तिकडे जुनी चाल आहे.

पण केंटच्या लोकांशी हॉपविषयी बोलू लागलात की वेल बाजूला राहते आणि माणसे पुढे येतात. बोंडे खुडण्याचे काम सप्टेंबरात तीन-चार आठवडे चाले आणि त्याला हात लागत हजारो. ते येत लंडनच्या पूर्व भागातून, गोदीकामगारांच्या दाटीवाटीच्या वस्तीतून. बायका, पोरे, आज्या, भांडीकुंडी बाबागाडीत घालून पहाटेच्या खास गाड्यांनी निघत. पोरांना आयांच्या घागऱ्यांआड दडवून तिकीट वाचवीत. मुक्काम पत्र्याच्या नाहीतर विटांच्या खोपटात, गवताच्या गादीवर. बाप रविवारी भेटायला येत.

गिरणगावातली माणसे सुट्टीला कोकणात जात तसेच हे, असे क्षणभर वाटते. पण ही माणसे आपल्या गावी जात नव्हती. मालक मापामागे मजुरी देई, आणि मापाडी करंडीत बोंडे दाबून भरी. पाच पाट्यांच्या जागी चारच भरत. गावच्या दुकानदारांनी माल जाळीआड ठेवावा, गुत्तेवाल्यांनी ‘हॉपवाल्यांना मज्जाव’ अशी पाटी लावावी. जॉर्ज ऑरवेल १९३१ साली स्वतः हे काम करून आला. लोक याला सुट्टी समजतात म्हणूनच इतक्या कमी मजुरीवर राबतात, असे त्याने लिहिले. मला हे पटते. आणि तरी पुरते पटत नाही.

कारण चहाच्या दुकानात भेटलेल्या एका आजीबाई. लहानपणी आईबरोबर त्या दरवर्षी येत. हात काळेकुट्ट होत, आणि पावाचा तुकडासुद्धा कडू लागे, असे त्या म्हणाल्या. “मजुरी? ती आईला ठाऊक. पण चंद्राला एवढं मोठं आभाळ असतं, हे मला इथं कळलं.”

जवळच्या हॅडलो गावाच्या चर्चच्या आवारात एक स्मारक आहे. २० ऑक्टोबर १८५३ रोजी काम आटोपून परतणाऱ्या मजुरांची गाडी हार्टलेकच्या लाकडी पुलावरून पुराने फुगलेल्या मेडवे नदीत कोसळली. तीस माणसे बुडाली, बहुतेक जिप्सी आणि आयरिश. एकेका घरची कितीतरी. स्मारकाला आकार दिला आहे तो ओस्टचा.

ओस्ट म्हणजे हॉप सुकवण्याची भट्टी. गोल विटांची इमारत, वर निमुळते छप्पर आणि टोकाला वाऱ्याबरोबर फिरणारी पांढरी टोपी. खाली जाळ, वर फटीच्या तक्तपोशीवर बोंडांचा थर. सुकली की लांबलचक पोत्यात ठासून भरीत. एकेक पोते पंचाहत्तर किलोंच्या आसपास.

१९५० नंतर खुडणारी यंत्रे आली आणि दहा-पंधरा वर्षांत लंडनच्या गाड्या थांबल्या. १८७८ साली इंग्लंडात सत्तर हजार एकरांहून अधिक हॉप होता, आज हजार हेक्टरसुद्धा नाही. आता मोठे पीक जर्मनी आणि अमेरिकेचे. ओस्टमध्ये लंडनच्या धनिकांनी घरे थाटली आहेत. जिथे बोंडे सुकत तिथे गोल दिवाणखाने आहेत. टोप्या अजून पांढऱ्या रंगवतात.

स्टेशनाकडे येताना एका कुंपणात रानटी हॉप दिसला. कोणी न लावता हॉथॉर्नच्या काट्यांना प्रदक्षिणा घालीत तो टोकापर्यंत पोचला होता, आणि बोंडे नुकती धरू लागली होती.