भिंतीकडची जागा

धाकटा बाळू जन्मला तेव्हा सुईण आईला म्हणाली, "बाय, पोराची शूची जागा जरा खाली हाय. होईल सारखं." पुढची कातडीही अर्धीच होती. आजी हसून म्हणाली, देवानंच सुंता करून धाडलाय. माघारी मात्र ती आईला बोलायची : ग्रहणात विळीवर बसलीस, त्याचं हे.

झाकलेलं शाळेत उघडं पडलं. पोरं भिंतीशी ओळीनं उभी राहत. बाळू कोपऱ्यात बसे. उभा राहिला तर धार खाली पायावर यायची, चड्डी भिजायची. एकदा चौघांनी त्याला धरून उभा केला. धरणाऱ्यांत मी नव्हतो. पण तिथंच होतो आणि गप्प राहिलो. त्या दिवसापासून तो सकाळी पाणीच पिईना.

कल्याणच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, हायपोस्पॅडियास. "दोन-तीनशे मुलांत एखाद्याला असतं. ग्रहणाचा काही संबंध नाही, बाई." आई तिथंच खुर्चीवर बसून रडली. ऑपरेशन खरं तर सहा महिने ते दीड वर्षाच्या वयात करतात. आमचा पाच वर्षांचा झालेला.

शहाडच्या बिर्ला मंदिरातल्या विठोबाला नवस बोलून पहाटेची लोकल धरली. दादरला उतरून परळचं वाडिया. डॉक्टरांनी पेन्सिलीनं काढून दाखवलं : बाक सरळ करायचा, कातडीतून नळी करून वाट टोकापर्यंत न्यायची. "म्हणून अशा मुलाची सुंता आधी करायची नसते, तीच कातडी कामाला येते." शेजारच्या खाटेवर भिवंडीचं बाळ होतं. त्याचा बाप हे ऐकून चपापला. त्यांनी खतन्याचा दिवस ठरवला होता म्हणे, डॉक्टरांनीच थांबवलं.

आठवडाभर लघवीला नळी. बाळूनं ती ओढू नये म्हणून आई रात्रभर त्याचे हात धरून बसायची. घरी आल्यावर शिवणीजवळ बारीक भोक राहिलं, तिथून थेंब गळायचे. असं होतं कधी कधी. सहा महिन्यांनी पुन्हा तीच लोकल, पुन्हा टाके.

पावसाळ्यात उल्हास नदीच्या काठी त्यानं मला हाक मारली. "दादा, बघ." उभा होता. धार कुठवर गेली ते पावलांनी मोजलं, मग म्हणाला, "आता तू."

मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. शाळेतल्या त्या दिवसाचं तेव्हाही बोललो नाही.