कोणी पाहिलं आणि कोणी ऐकलं?

मुलांनो, जळगावहून मुंबईच्या बाजूला निघालं की शिरसोली, म्हसावद, माहेजी आणि मग परधाडे ही स्टेशनं लागतात. माहेजी-परधाड्याच्या मध्ये २२ जानेवारी २०२५ रोजी पुष्पक एक्सप्रेसमध्ये ‘आग लागली’ अशी ओरड झाली. साखळी ओढली गेली, माणसं घाबरून खाली उतरली आणि शेजारच्या रुळांवरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान १२ जणांचा जीव गेला. आणि गाडीला आग लागलेलीच नव्हती!

दुसऱ्या दिवशी आमच्या असोद्याच्या वर्गात एकच गलका.

“सर, चाकातून ठिणग्या निघाल्या म्हणे!”

“नाही हो सर, चहावाल्यानेच आरडाओरडा केला म्हणे!”

मी फळ्यावर दोन रकाने आखले. ‘स्वतः पाहिलं’ आणि ‘दुसऱ्याकडून ऐकलं’. दुसरा रकाना बघता बघता भरला. पहिल्यात एक ओळही आली नाही.

तपास करणाऱ्यांपुढेही हेच दोन रकाने असतात. रेल्वेच्या मोठ्या अपघातांची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात. गंमत म्हणजे, हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, ते असतात विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत! रेल्वेचा तपास रेल्वेनेच करू नये म्हणून ही सोय. विमान अपघातांच्या तपासाचा विभागही त्याच मंत्रालयात आहे.

आता विमानाचीच एक गोष्ट सांगतो. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे जंबो विमान मुंबईहून दुबईला निघालं. दोन मिनिटंही झाली नसतील, तोच ते वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं. सगळे २१३ जण गेले. घातपात असावा, असा संशय लगेच पसरला. पण समुद्रातून अवशेष निघाले, त्यांवर स्फोटाच्या खुणा नव्हत्या. ‘ब्लॅक बॉक्स’ही सापडले. नावाला काळे, पण हे डबे असतात भगव्या-नारिंगी रंगाचे. एक उंची, वेग, दिशा टिपतो, दुसरा वैमानिकांचं बोलणं. चौकशीतून निघालं ते असं : विमान कुठल्या बाजूला कललंय हे दाखवणारी तबकडी बिघडली असावी. बाहेर काळोख, खाली काळा समुद्र, क्षितिज दिसेना. वैमानिकाचा अंदाज चुकला. बॉम्ब नव्हताच!

डब्यातली नोंद अफवेने बदलत नाही. माणसाची आठवण मात्र बदलते. समजा, एखाद्याने नुसता मोठा आवाज ऐकला. चार दिवस गावभर ‘बॉम्ब, बॉम्ब’ कानावर पडलं, की तोच माणूस म्हणतो, “मी स्फोट ऐकला.” तो खोटं बोलत नसतो बरं का! त्याला खरंच तसं आठवू लागतं. म्हणून साक्षीदारांना लवकर आणि वेगवेगळं भेटणं महत्त्वाचं असतं. एकदा ऐकीव गोष्ट आठवणीत मिसळली, की दुधातलं पाणी वेगळं काढण्याइतकं ते अवघड.

१२ जून २०२५ ला अहमदाबादेत विमान पडलं. २६० माणसं गेली. कारणं मात्र मोबाईलवर त्याच दिवशी फिरू लागली. शेवटी जुलैमध्ये तपास विभागालाच जाहीर विनंती करावी लागली, की घाईने निष्कर्ष काढू नका.

यात नुसता तपासाचाच खोळंबा होतो असं नाही. अफवेला कोणीतरी गुन्हेगार लागतो. कधी तो वैमानिक असतो, कधी चहावाला. वैमानिक गेलेला असला तर त्याला उत्तर देता येत नाही. चहावाला जिवंत असला तरी त्याचं कोण ऐकतं? त्यांच्या घरीही तुमच्यासारखी मुलं असतात, शाळेत जातात.

म्हणून पालकांनाही सांगा, मोबाईलवर आलेलं पुढे ढकलण्याआधी विचारा, ‘हे पाहिलं कोणी?’ आणि उद्या तुमच्यासमोर काही घडलं, तर कोणाशी बोलण्याआधी वहीत लिहून ठेवा : वेळ, जागा, काय दिसलं. विचारायला कोणी आलं तर तेवढंच सांगा. बाकीच्या प्रश्नांना “मला माहीत नाही” म्हणायला मुळीच लाजू नका. तपास करणाऱ्याला त्या उत्तराचाही उपयोग होतो.