कडी कधी काढायची?

नातेवाईक मंडळींनो, आजचा विषय आमच्या धंद्यातला आहे. तरी वाचा, फार अवघड नाही. सुरुवात कीबोर्डवरच्या टॅब या बटणापासून करतो.

१९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाचं एक बिल्ड टूल लिहिलं. बिल्ड टूल म्हणजे काय, तर प्रोग्रॅमचे शेकडो तुकडे योग्य क्रमाने जोडून घेणारा मुकादम. या मुकादमाला सूचना लिहिताना आज्ञेची प्रत्येक ओळ टॅबने सुरू करावी लागते. टॅबऐवजी स्पेस दिल्या तर डोळ्यांना फरक दिसत नाही, मेक मात्र अडून बसतं. हे गैरसोयीचं आहे हे फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आलं. पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते. त्यांची कामं मोडायला नकोत, म्हणून टॅब तसाच राहिला. डझनभर! त्या बारा जणांच्या भिडेपोटी पुढच्या लाखो लोकांनी ठेचा खाल्ल्या. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही.

मला या गोष्टीत फेल्डमन यांचा दोष दिसत नाही. 'हे अजून कच्चं आहे, उद्या बदलेन' असं सांगायची सोयच त्यांच्याकडे नव्हती. वस्तू लोकांच्या हातात पडली की ती पक्कीच झाली.

मी हल्ली रस्ट या भाषेत काम करतो. तिच्या बिल्ड टूलचं नाव कार्गो. तिथे ही सोय नीट विचार करून केलेली आहे. रस्टची नवी स्थिर आवृत्ती दर सहा आठवड्यांनी निघते. शिवाय 'नाइटली' नावाची आवृत्ती रोज रात्री तयार होते. कार्गोमधली नवी, प्रायोगिक सोय फक्त नाइटलीत चालते. आणि तिथेही आपोआप नाही! आज्ञा देताना उणे चिन्ह आणि 'झेड' हे अक्षर लावून ती नावाने मागावी लागते, किंवा प्रकल्पाच्या फाइलीत वरच तिचं नाव लिहावं लागतं. स्थिर आवृत्तीत मागितली तर कार्गो सरळ नकार देतं आणि का ते सांगतं. थोडक्यात, दार आहे, दाराला कडी आहे, आणि ती आपल्याच हाताने काढावी लागते. नंतर 'मला माहीत नव्हतं' म्हणायला जागा नाही.

कडी कायमची काढायची, म्हणजे सोय स्थिर करायची, तर संबंधित टीमच्या सदस्यांची संमती घेतात आणि मग दहा दिवस शेवटच्या हरकतींसाठी ठेवतात. लग्नाआधीच्या नोटिशीसारखं. कारण एकदा स्थिर म्हटलं की माघार नाही. २०१५ साली रस्टची १.० आवृत्ती आली तेव्हापासूनचा शब्द आहे तो.

हे सगळं नीट जमलं त्याचं एक उदाहरण देतो. कार्गोला कुठली लायब्ररी कुठे आहे हे कळायला एक सूची लागते. पूर्वी ती सगळीच्या सगळी उतरवून घ्यावी लागे, हवी असोत चारच नावं. २०२२च्या जूनमध्ये नाइटली वापरणाऱ्यांना जाहीर विनंती झाली, की हवं तेवढंच आणणारी नवी पद्धत वापरून बघा आणि काय अडतंय ते सांगा. मार्च २०२३मध्ये, १.६८ आवृत्तीत, ती स्थिर झाली, पण ज्याला हवी त्याने सुरू करायची अशी. जूनमध्ये १.७० आली तेव्हा ती सगळ्यांना न मागता मिळाली. तीन पायऱ्या, एक वर्ष, आणि बहुतेकांना फक्त एवढंच कळलं की काम भराभर होतंय.

पण सगळ्यांच्याच नशिबी असं वर्षभरात मोकळं होणं नसतं. ज्या चिपसाठी तयार लायब्ररी मिळत नाही, तिथे भाषेची मूळ लायब्ररीच आपण बांधून घ्यायची, अशी एक सोय कार्गोत २०१९ साली आली. २०२४ संपलं तरी ती कडीच्या आतच होती. आमच्या टीममधल्या एका पोराला नेमकी तीच हवी होती, शेतातल्या पंपाजवळ बसवायच्या एका छोट्या यंत्रासाठी. तो वैतागला होता. "सगळे वापरतातच ना? मग पक्की म्हणायला यांचं काय जातं?"

त्याचं अर्धं बरोबर होतं. कडी फार वर्षं लावून ठेवली की लोक ती रोज काढून आत जातात, आणि कागदावर कच्ची असलेली गोष्ट व्यवहारात पक्की होऊन बसते. पुन्हा फेल्डमनचे बारा जण! शिवाय स्थिर कंपायलरलाच नाइटली असल्यासारखं वागायला लावणारं एक मागचं दारही आहे. रस्टच्या स्वतःच्या बांधणीसाठी ठेवलेलं. पण लिनक्सचा गाभासुद्धा त्यातूनच आत जातो.

तरी मी त्याला म्हटलं, "अरे, यांचं काय जातं ते विचारू नकोस. आपलं यंत्र त्या पंपाजवळ दहा वर्षं राहणार. सहाव्या वर्षी एखादी दुरुस्ती पाठवायची वेळ आली आणि ही सोय तोवर बदललेली असली, तर निस्तरणार कोण? तो शेतकरी?"

शेवटी आम्ही नाइटलीच घेतली, पण ठरावीक तारखेची, तीही फाइलीत लिहून पक्की केलेली. सोबत एक कागद ठेवला: काय कच्चं वापरलं, का वापरलं, आणि दर सहा महिन्यांनी कोणी तपासायचं. त्यावर त्या पोराने स्वतःचं नाव घातलं, न सांगता. मला बरं वाटलं.

'प्रायोगिक' या शब्दाचा अर्थ मी आता असा लावतो: करणाऱ्याने मत बदलायचा हक्क राखून ठेवलाय, आणि वापरणाऱ्याला तो मान्य आहे. दोघांनाही हे ठाऊक असेल तर दार कितीही वेळा उघडा. फक्त मधूनमधून कुणीतरी विचारत राहायला हवं, की ही कडी अजून कशासाठी आहे?

असो. पुढच्या वेळी घरगुती विषय, नक्की.